वय ४७, अनुभव २१ वर्षांचा. गोव्यात शिक्षिकेला पुन्हा नोकरी मिळते का?

डिचोलीची बाई

नमस्कार. मी इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

२००४ च्या जूनमध्ये मी डिचोली तालुक्यातल्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत लागले. माध्यम इंग्रजी. माझं शिक्षण एम.ए. मराठी, बी.एड. पाचवी ते आठवीला मराठी आणि इतिहास-भूगोल शिकवला. यंदा मार्चच्या अखेरीस मॅनेजमेंटने बोलावून सांगितलं की पट कमी झालाय, दोन तुकड्यांची एक करतोय, जुन्या शिक्षकांचे पगार झेपत नाहीत. तुम्ही राजीनामा दिलात तर अनुभवाचं पत्र चांगलं देऊ. मी दिला. शेवटचा पगार २६ हजार होता.

तेव्हा वाटलं, एकवीस वर्षं शिकवलंय, कुठेतरी लागेनच. गणेश चवथ झाली, दिवाळी झाली, अजून घरीच आहे. चौदा ठिकाणी अर्ज दिले, तीन ठिकाणी बोलावलं. म्हापशाच्या शाळेत आठ मिनिटांचा डेमो घेतला. मुलं नव्हतीच, रिकाम्या बाकांसमोर शिकवलं. फोंड्यात पहिलाच प्रश्न, 'किती अपेक्षा आहे?' मी वीस म्हटलं. त्या म्हणाल्या, 'बाई, आम्हाला पंधरात बी.एड. झालेली मुलगी मिळते.' तिसऱ्या ठिकाणी फाईल उघडलीसुद्धा नाही. वय विचारलं आणि चहा दिला.

सरकारी जाहिरातींत वयाची अट ४५. सरकारी नोकरीत असलेल्यांना पाच वर्षांची सवलत आहे, खासगीतल्या आम्हाला नाही. प्राथमिकला अर्ज करावा तर २०२३ पासून बी.एड. चालत नाही. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मी कधी दिली नाही, कारण शाळेने कधी मागितली नाही.

घरी सगळे समजून घेतात. पण सकाळी सात वाजता समोरच्या रस्त्यावरून मुलांची बस जाते तेव्हा मी आतल्या खोलीत जाते. कोणी यातून गेलं असेल तर सांगा, काय केलंत?

वाळवंटीकाठ

बाई, वाचून गलबललं. माझ्या बहिणीचं असंच झालं, ती विज्ञानाची होती. शेवटी बेळगावला गेली. तिथे मिळालं, पण घर इथे आणि ती तिथे. तुमच्या धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

सासष्टीकर

एक स्पष्ट विचारू का? मराठी विषयाला गोव्यात जागा किती निघतात? आमच्या सासष्टी तालुक्यात तर फारच कमी. पाचवीपासून बहुतेक शाळा इंग्रजीत आणि भाषा म्हणून कोकणी, मराठी, हिंदी, कुठे फ्रेंच, कुठे पोर्तुगीज. एका शाळेत मराठीला एक माणूस, तोही बऱ्याचदा हिंदीचे तास घेणारा. तो निवृत्त होईल तेव्हा जागा निघणार. बाईंचा अनुभव कमी पडत नाहीये, विषयाचं दारच अरुंद आहे.

जुना हेडमास्तर

मी फोंडा तालुक्यातल्या अनुदानित हायस्कुलातून निवृत्त झालो. मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बरीच वर्षं बसलो आहे, म्हणून तिकडे काय चालतं ते सांगतो. बाईंना ते कळलेलं बरं, नाहीतर माणूस प्रत्येक नकार स्वतःच्या अंगावर घेतो.

अनुदानित शाळेत जागा मुख्याध्यापकाच्या इच्छेने निर्माण होत नाही. तुकड्या किती, आठवड्याचे तास किती, त्यातून वर्कलोड निघतो. तो पूर्ण भरला तरच पूर्ण जागा. मराठीचे तास पूर्ण जागेइतके भरले नाहीत तर उरतात ते लेक्चर बेसिसचे, म्हणजे तासावर पैसे मिळणारे तास. पूर्ण जागा निघाली तरी दुसऱ्या अनुदानित शाळेतला कोणी अतिरिक्त झाला असेल तर आधी त्याला सामावून घ्यावं लागतं. मग जाहिरात, मुलाखत, आणि शेवटी नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी. मंजुरी आली नाही तर ग्रँट नाही. पर्वरीला फाईल घेऊन मी किती खेपा घातल्या त्याचा हिशेब नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. अनुदानित शाळेत शिक्षक अतिरिक्त झाला तर त्याला दुसरीकडे नेण्याची जबाबदारी कोणाची तरी असते. विनाअनुदानित शाळेत ती कोणाचीच नसते. तीच मुलं, तोच बोर्ड, तीच पुस्तकं. बाईंनी एकवीस वर्षं जे केलं तेच शेजारच्या गावातली शिक्षिका अनुदानित शाळेत करत होती. तिचा पट घटला की तिची फाईल हलते, बाईंचा घटला की राजीनामा मागतात.

आता विनाअनुदानित शाळांचं. तिथे पगार फीमधून निघतो. शिक्षक जितका जुना तितका महाग, एवढाच विचार बहुतेक ठिकाणी होतो. अनुभवामुळे वर्गात काय फरक पडतो हे फीच्या हिशेबात कुठेच लिहायला जागा नसते. सहावीतल्या मुलाला वाचता येत नाही हे जुन्या शिक्षकाला दुसऱ्या दिवशी कळतं, नव्याला दिवाळीनंतर कळतं. मधले चार महिने त्या मुलाचे जातात. ते कोणी मोजत नाही.

आणि हे लिहिताना मला माझंही सांगितलं पाहिजे. लेक्चर बेसिसच्या जागेसाठी माझ्यासमोर दोन वेळा चाळिशी उलटलेल्या अनुभवी बाई आल्या होत्या. दोन्ही वेळा मी तरुण उमेदवार निवडला. मनात म्हटलं, या बाई एवढ्या पैशांत टिकणार नाहीत, अर्ध्या वर्षात जातील. त्यांना विचारलं नाही, परस्पर ठरवलं. दोन्ही वेळा तरुण उमेदवारच वर्ष पुरं व्हायच्या आत सोडून गेला. त्या बाईंच्या बाबतीत मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते.

अबोली

सर, तुमचा मान ठेवून लिहिते. 'तरुण उमेदवार स्वस्तात मिळतो' असं सगळे म्हणतात तेव्हा तो तरुण उमेदवार मी असते. वय २९. बी.एड., सीटीईटी (केंद्राची टीईटी) दोन्ही पेपर पास. तीन वर्षं लेक्चर बेसिसवर आहे. जेवढे तास तेवढे पैसे. मे महिन्यात शून्य, चवथीच्या सुट्टीत शून्य. दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, त्याच शाळेत. मी कोणाची जागा खात नाही. मला स्वतःला अजून जागा नाही.

डिचोलीची बाई

अबोली, तुला लागलं असेल तर माफ कर. फोंड्याच्या त्या बाई 'पंधरात मुलगी मिळते' म्हणाल्या तेव्हा मला त्या न पाहिलेल्या मुलीचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. ती मुलगी पंधरात महिना कसा काढत असेल हे तुझं वाचल्यावर डोक्यात आलं. तुझी तीन वर्षं कुठे अनुभव म्हणून धरतात का गं?

अबोली

राग नाही बाई. मला पहिलीत मराठी वाचायला शिकवणाऱ्या बाई तुमच्याच वयाच्या असतील आता. अनुभवाचं पत्र मिळतं, पण त्यावर 'लेक्चर बेसिस' लिहिलेलं असतं. ते वाचलं की पुढचे पान उलटतात.

टीईटीचं मात्र मी नीट सांगू शकते, कारण तुम्हाला आता ती लागणारच.

सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आहे. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांपैकी ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरली आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं आहे. पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही. नव्या नेमणुकीला तर ती हवीच. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला आहे, त्यामुळे त्या शाळांत काय होणार ते पुढे ठरेल.

तुम्ही बी.एड. आहात, म्हणजे तुमच्यासाठी पेपर दोन, सहावी ते आठवीचा. पेपर एक पहिली ते पाचवीचा. त्या वर्गांना ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) लागतं, त्यामुळे तो पास झालात तरी बी.एड.वर उपयोग नाही. सीटीईटी दीडशे गुणांची असते, अडीच तास, चुकीला गुण कापत नाहीत. सर्वसाधारण गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण हवेत. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पूर्वीची सात वर्षांची मुदत काढून टाकली. भाषांमध्ये मराठी आहे. कोकणी नाही, माझ्या कोकणी शिकवणाऱ्या मैत्रिणींची त्यात अडचण होते. तुम्ही पहिली भाषा मराठी घ्या, साठ गुणांचा विभाग सामाजिक अभ्यासाचा घ्या. दोन्ही तुमच्या हातातले.

अडतं ते बालमानसशास्त्रात. पियाजे, व्हायगॉट्स्की, कोल्बर्ग या मानसशास्त्रज्ञांचे सिद्धांत. तुम्ही वर्गात जे रोज करता त्यालाच तिथे नाव दिलेलं असतं. मुलाला अर्धं वाक्य तुम्ही द्यायचं आणि उरलेलं त्याच्याकडून काढायचं, हे तुम्ही एकवीस वर्षं केलंच असेल. परीक्षेत त्याचं नाव विचारतात. नावं पाठ करायला दोन महिने खूप झाले. जुन्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे आहेत, देते.

सासष्टीकर

केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय बघितलं का? फोंड्याला, बांबोळीला केंद्रीय विद्यालय आहे. नवोदय वाळपईला आणि काणकोणला. केंद्रीय विद्यालयं दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कंत्राटी शिक्षकांसाठी थेट मुलाखती ठेवतात. तिथे वयाची अट नियमित भरतीपेक्षा खूपच सैल असते. वाळपई तुम्हाला जवळ पडेल.

डिचोलीची बाई

पाहिलं. मराठीची जागा तिथे दिसली नाही. सामाजिक शास्त्राला पदवीत इतिहास वा भूगोल तिन्ही वर्षं हवा. माझा इतिहास पहिली दोनच वर्षं होता, तिसऱ्या वर्षी पूर्ण मराठी. आठवीपर्यंत एकवीस वर्षं इतिहास शिकवला, पण कागदावर मी इतिहासाची नाही. हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. फक्त तेव्हा शाळेने 'इतिहासाचे तास तुम्हीच घ्या' म्हटलं आणि मी घेतले, त्याची आज कुठेच नोंद नाही.

कुळागर

मी सत्तरी तालुक्यातला, सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त. तुमचा विषय माध्यमिकचा आहे, पण मूळ आमच्याकडे आहे असं मला वाटतं म्हणून लिहितो.

गोवा मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात वाड्यावाड्यावर मराठी शाळा निघाल्या. मी त्याच शाळेत शिकलो. वर्ग कुठे देवळाच्या मंडपात, कुठे कोणाच्या ओसरीवर. मास्तर कारवारकडून, सावंतवाडीकडून येऊन गावातच राहायचे. त्या शाळांतून जी मुलं बाहेर पडली त्यांना पुढे मराठी शिक्षक लागले. माध्यमिकला मराठीच्या जागा होत्या त्या त्यामुळे.

१९९० पासून प्राथमिकला अनुदान फक्त मराठी-कोकणी माध्यमाला होतं. २०११ साली ते इंग्रजीला द्यायचं ठरलं. आंदोलन झालं, माजी मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर रस्त्यावर उतरल्या, सरकार बदललं, पण २०१२ नंतरही अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी प्राथमिक शाळांचं अनुदान चालूच राहिलं. कोणाचं बरोबर हा वाद इथे नको. मी एवढंच पाहिलं की माझ्या शेवटच्या वर्षी शाळेत सात मुलं होती, चार इयत्तांत मिळून. एकाच खोलीत पहिलीला फळ्याच्या डावीकडे आणि चौथीला उजवीकडे बसवायचो. त्यातली एक मुलगी अजून भेटली की पाया पडते.

सात मुलांची शाळा बंद झाली की सात मुलं कमी होतात, आणि पाच वर्षांनी कुठल्यातरी हायस्कुलात मराठीचे तास कमी होतात. मग बाईंसारख्या कोणाला तरी खुर्चीवर बसवून राजीनामा मागतात. पट एका दिवसात घटत नाही.

म्हावळिंगे

एक सावधगिरी. नोकरी शोधताय हे कळलं की फोन येतात. 'खात्यात ओळख आहे, एवढे द्या.' मला आला होता. नोकरीसाठी पैसे घेतल्याच्या किती तक्रारी २०२४ च्या अखेरीस गोव्यात पोलिसांकडे गेल्या ते सगळ्यांनी वाचलंय. त्यात शिकलेली, नोकरदार माणसंही फसली होती. नंबर कापून टाका.

पाटोवरून

सगळे पुढचं बोलतायत, मी मागचं विचारतो. बाई, ग्रॅच्युइटी मिळाली का?

डिचोलीची बाई

नाही. विनाअनुदानितला नसते असं ऑफिसात सांगितलं. आणि मी स्वतः राजीनामा दिला ना.

पाटोवरून

दोन्ही गोष्टी चूक आहेत. नीट वाचा.

तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हा ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा लागू होता; २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. शिक्षक त्यात येतात की नाही यावर जुना वाद होता. २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरली. खासगी शाळांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २९ ऑगस्ट २०२२ ला न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. म्हणजे खासगी विनाअनुदानित शाळेतला शिक्षकही त्यात आहे.

पाच वर्षं सलग नोकरी झाली की राजीनामा दिला तरी हक्क जात नाही. हिशेब असा, शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. शेवटचं वर्ष सहा महिन्यांहून जास्त झालं असेल तर पूर्ण धरतात. तुमचं जून २००४ ते मार्च २०२५, म्हणजे २१ वर्षं. २६ हजार सगळाच मूळ पगार असेल तर २६ ने भागून १५ ने गुणलं की १५ हजार. गुणिले २१. तीन लाख पंधरा हजार.

पगाराच्या पावतीवर मूळ पगार कमी आणि इतर भत्ते जास्त दाखवले असतील तर रक्कम कमी होईल. पावत्या शोधा.

आधी शाळेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तीस दिवसांत दिलं नाही तर लेबर कमिशनरच्या कार्यालयात अर्ज करता येतो, पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात. अर्ज उशिरा केला म्हणून हक्क बुडत नाही, उशिराचं कारण लिहायचं. एक महत्त्वाचं, शेवटच्या पगाराच्या वेळी 'सर्व देणी मिळाली' असं काही सही करून दिलंत का?

डिचोलीची बाई

तीन लाख? मी तीनदा वाचलं.

सही केली होती बहुतेक. इंग्रजीतला कागद होता, गडबडीत केली. त्या दिवशी मुलं 'बाई कुठे चाललात' म्हणून दारात उभी होती, माझं लक्ष कागदावर नव्हतं. आता काय?

पाटोवरून

तरी अर्ज करा. अशा सहीने कायद्याने दिलेला हक्क संपत नाही. पैसे खरोखर दिले का, हे त्यांना दाखवावं लागेल. तुमच्या बँकेच्या खात्यात आलेले नाहीत हे पासबुकात दिसेलच.

जुना हेडमास्तर

पाटोवरून, देव बरें करूं. मी मुख्याध्यापक म्हणून पस्तिशीपासून खुर्चीत, पण विनाअनुदानितवाल्यांना हे लागू आहे हे मलाही इतक्या नेमकेपणाने ठाऊक नव्हतं. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकतो.

बाई, नोकरीबद्दल दोन गोष्टी. आता सहावीपासूनचं वर्ष एप्रिलात सुरू होतं, २०२५ पासून. त्यामुळे जूनची वाट पाहू नका, जाहिराती आधीच येतात. रोज 'गोमन्तक', 'तरुण भारत', 'नवहिंद टाइम्स' यांतल्या छोट्या जाहिराती पाहा. आणि अर्जात 'एकवीस वर्षांचा अनुभव' एवढंच लिहू नका. मुलाखतीला बसलेल्यांना तो आकडा पगारासारखा दिसतो. काय केलंत ते लिहा. किती मुलं वाचत नव्हती आणि वर्षअखेर वाचू लागली, कसं शिकवलंत, ते एका पानात. माझ्यासमोर तेव्हा असं पान आलं असतं तर कदाचित मी पुढचं विचारलं असतं.

वाळवंटीकाठ

तोपर्यंत शिकवणी? आमच्या वाड्यावर दहावीच्या मराठीला कोणीच नाही. इंग्रजी शाळेतली मुलं मराठी विषय घेतात आणि जोडाक्षरात अडतात. शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकाला शिक्षण हक्क कायद्याने शिकवणी घेता येत नाही, पण तुम्ही आता नोकरीत नाही, त्यामुळे तुम्हाला आडकाठी नाही. माझीच मुलगी पाठवते.

डिचोलीची बाई

शिकवणीचं मी टाळत होते. शाळेत नाही मिळालं म्हणून घरी, असं वाटत होतं. पण मुलगी पाठवाच. संध्याकाळी साडेपाचला.

हेडसर, तुमचं ते लाजेचं वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. त्या दोन बाईंपैकी मी नव्हते, पण कोणीतरी एवढं बोललं हे ऐकून बरं वाटलं. पान लिहायला बसले होते. पहिलं नाव आलं ते एका मुलाचं, पाचवीत 'घर' लिहायला यायचं नाही, आता म्हापशाला गॅरेज आहे त्याचं, बिल मराठीत लिहितो. रात्री दीड वाजला तरी चार पानं झाली होती. कमी करायचीत.

अबोली, प्रश्नपत्रिका कुठे घ्यायला येऊ?

अबोली

शनिवारी मला पणजीत काम आहे. कदंबा स्टँडवर साडेदहाला, म्हापसा बसेस लागतात तिथे. तुम्ही साखळीहून याल ना? चार पानं घेऊन या, आपण दोघी मिळून एक करू. मलाही माझं असं एक पान लिहायचंय, तुम्ही तपासा.

पाटोवरून

शनिवारी लेबर कमिशनरचं कार्यालय बंद असतं, नाहीतर मीच घेऊन गेलो असतो. सोमवारी या. नेमणूक पत्र, पगाराच्या शेवटच्या सहा पावत्या, पासबुक, अनुभवाचं पत्र. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. शाळेला द्यायचा अर्ज मराठीत लिहा, मी पाहून देतो.